बिनलगामाची

तिसऱ्यांदाही घोडीने लगामाची लोखंडी कडी थुंकून टाकली, तेव्हा यमरातने सासऱ्याचा हात घट्ट दाबला. आणखी थोडा धीर धरला की त्यांची घोडी वाचणार होती.

आमच्या सिर्ता शहराबाहेरच्या माळावर रोमी लोक सकाळपासून घोडे निवडत होते. त्यांची स्वारी कार्थेजवर निघायची होती, आणि आमच्या पंचांनी घरटी एक घोडा कबूल करून टाकला होता. आम्ही घोड्याला लगाम घालत नाही, त्यांचं त्यावाचून चालत नाही. लगाम घेईल तो त्यांचा, न घेईल तो परत. बाकीचे घोडे चार लाथा झाडून शेवटी नमत होते. ही नमेना.

ऑप्पिअस नावाचा रोमी अंमलदार घामाघूम झाला होता. "घेऊन जा ही गाढवीण," तो वैतागून म्हणाला. "हिला जन्मात कुणी काही शिकवलेलं नाही."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. "चल गं पोरी, पाय उचल."

यमरात हलली नाही. "काय म्हणालात?"

"सूनबाई, गप! सुटलोय आपण!"

पण आमच्या बायकांना उपाशी ठेवा एक वेळ, त्यांच्या हातच्या जनावराला अडाणी म्हणू नका. यमरातने झेप घेतली ती थेट घोडीच्या उघड्या पाठीवर. दोरी नाही, काठी नाही. दोन्ही हात तिने डोक्यामागे गुंफले.

घोडी सुटली. तंबूंच्या ताणलेल्या दोरांमधून, पेटत्या चुलींच्या मधून ती भरधाव गेली, आणि एक दोर हलला असेल तर शपथ. माळाच्या टोकाला जागच्या जागी फिरली, सरळ ऑप्पिअसवर चालून आली आणि अशी थांबली, की तिचा श्वास त्याच्या तोंडावर आला. रोमी शिपाई ढाली बडवायला लागले. मी पुष्कळ घोडेस्वार पाहिलेत, असा एकही नाही.

"घेतली," ऑप्पिअस म्हणाला.

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. यमरातचा चेहरा खर्रकन उतरला. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं.

शिपाई पुन्हा लगाम घेऊन आला. तिने तो त्याच्या हातून हिसकावला.

"लोखंड नको हिच्या तोंडात. बसा तुम्ही. मी शिकवते."

ऑप्पिअस हसला, पण बसला. यमरातने त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून जागेवर बसवला. "इथं दाबायचं. अहो, हळू! घोडी आहे, द्राक्षं नाहीत तुडवायला. थांबायचं असेल तर पाठ मागे टाका. ओरडू नका, तिला ऐकू येतं." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिने पुसल्या नाहीत, आवाज मात्र एकदाही कापला नाही. जाणार तर आहेच, मग निदान तोंड न फाटता जाऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपारपर्यंत ऑप्पिअस एकटा माळाला फेरी मारून आला. लहान पोरासारखा खूश झाला होता.

"आता एवढंच सांग, बाई. परत छावणीत यायचं तर हिला घराची वाट कशी दाखवायची?"

यमरातने घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"हिच्या घराची वाट हिला दाखवावी लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं खाली उतरा."