दहा रुपयांचा पाऊस

"पुसा ना ताई," शाकीब तिसऱ्यांदा म्हणाला.

बेबीताई मोहोडांनी मोबाईल गल्ल्यावर पालथा ठेवला. अचलपुरातल्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात सकाळपासून आलेला हा पहिला माणूस, आणि तोही बी मागत नव्हता. दोन हजार पंधराचा जुलै सरत आला होता, आणि पावसानं दडी मारली होती. बियाण्यांच्या थैल्या थप्पीला तशाच होत्या आणि सगळ्यांत वरच्या थैलीवर मांजर झोपलं होतं.

"तू अकोल्याहून आला, फक्त माया एक तारा पुसाले?"

"हो."

"एसटीनं?"

"हो ना."

"मंग तर तुयं खरंच अडलं हाये."

अडलं होतंच. शाकीबनं दोन वर्षं एकट्यानं खपून मोबाईलवरचा एक खेळ बनवला होता. नाव 'पेरणी'. काळी जमीन, बैलजोडी, कपाशीची पऱ्हाटी. पेरायचं आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस नाहीच आला, तर खरोखरचे दहा रुपये भरायचे. लगेच ढग यायचे. पुण्याच्या एका कंपनीनं नवख्यांचे असे खेळ इंटरनेटवरच्या आपल्या पानावर मांडले होते. त्यातला एक ती आज चार वाजता निवडणार होती. निवड झाली तर शाकीब घरी बसून पुढचे खेळ करणार. नाही झाली तर सोमवारपासून मामूंच्या टायरच्या दुकानात. अब्बांना त्यानं तसा शब्द दिला होता.

खेळाखाली लोकांची मतं दिसत. एकूण बेचाळीस. त्यातल्या एक्केचाळीस जणांनी पाचपैकी पाच तारे दिले होते. शाकीबच्या बहिणीच्या, यास्मीनच्या लग्नात अम्मीनं पंगतीतून फिरून ज्याला-त्याला मोबाईल काढायला लावला होता, आणि लग्नघरी नाही कोण म्हणतो? 'बहोत खूब', 'लय भारी', 'अल्ला तरक्की दे', असे शेरे पडले होते.

बेचाळिसावं मत बेबीताईंचं. एक तारा, आणि खाली दुकानाच्या नावासकट लिहिलेलं: 'वऱ्हाडात बसून पैशानं पाऊस पाडणारा खेळ बनवला. लाज वाटाले पायजे.'

"सगळेच असे खेळ करतात, ताई," शाकीब म्हणाला. "मोठ्या मोठ्या कंपन्या तलवारी विकून राहिल्या, बंदुका विकून राहिल्या."

"इकू दे. माया गावात तलवारीची वाट कोनी पाहत नाही."

शाकीब म्हणाला, "जबरदस्ती थोडीच हाये? तुमी भरले का दहा रुपये?"

"एकही डाव नाही भरले. बसली वाट पाहत. तीन पेरण्या मोडल्या माया. अन् चौथ्या पेरणीले तुया डावा बैल पान्यात पायच टाकत नाही, तसाच अडून राह्यते. ते दुरुस्त कर."

शाकीबला बैल ऐकूच आला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. तीन वाजून दहा मिनिटं.

फोन वाजला. अम्मी.

"मिटाया क्या उसने?"

"नहीं, अम्मी."

"कैसी औरत है! शादी में आती तो पाँच देती."

त्यानं फोन ठेवला. तेवढ्यात समोरच्या टपरीतून चहा आला. बेबीताईंनी कप त्याच्यापुढे सरकवला. शाकीबनं तो दोन बोटांनी परत सरकवला.

"पुसल्याबिगर नाही घेत."

बेबीताईंचा चेहरा उतरला. वऱ्हाडात पाहुणा भांडून गेला तर चालतं, भांडण विसरता येतं. चहा न घेता गेला तर ते घर तीन पिढ्या ऐकून घेतं.

"हे बरोबर नाही, बाबू. चाय मधात आनू नको."

"पाच तारे नका देऊ. फक्त पुसा."

"खोटं तर मी लिहिनारच नाही."

दोघं कपाकडे पाहत बसली. चहावर साय धरली. साडेतीन झाले. शेजारचा सायकलवाला उगाच डोकावून गेला, आणि पाहुण्यापुढचा भरलेला कप त्यानं पाहिला, हे बेबीताईंनीही पाहिलं.

"पाऊस फुकट करशीन?" त्यांनी हळूच विचारलं.

"कंपनीनं घेतला की पाह्यतो."

"पाह्यतो म्हंजे करत नाही. बियानं उधार मागनारेही असंच म्हनते."

तीन चाळीस. शाकीबनं पिशवी खांद्याला लावली आणि तो उठला. चपलेत पाय घातले. पायरीपर्यंत गेला.

"थांब," बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि अंगठा टेकवला.

"पुसलं. बस आता. अन् तो थंडा झाला, राहू दे, दुसरा बलावतो."

शाकीबनं तिथंच उभ्या उभ्या पान उघडलं. मतं एक्केचाळीस, सगळी पाच ताऱ्यांची. त्याला सुटल्यासारखं वाटलं. थंड चहा त्यानं सायीसकट एका घोटात संपवला, आणि दुसऱ्या कपाला नाही म्हणाला नाही. बेबीताईही मोकळ्या झाल्या. घरी कोण कोण, यास्मीन कुठं दिली, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

चार वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून फोन आला. प्राजक्ता, निवड करणारी बाई.

"शाकीब, हे काय झालं तुमचं? साडेतीनपर्यंत तर आम्ही तुमचंच नाव धरून बसलो होतो."

"मग?"

"चारला यादी बंद झाली. आता माझ्या हातात काही नाही."

"पण मॅडम, एक्केचाळीस जणांनी पाच-पाच तारे..."

"कोण किती वेळ खेळलं, ते आम्हाला इथं दिसतं हो. त्या एक्केचाळीस जणांपैकी एकानंही खेळ उघडलेला नाही. आमचा नियम साधा आहे. मत देणाऱ्यांत खरा खेळणारा निदान एक तरी लागतो."

बेबीताई कपातला चहा बशीत ओतत होत्या.

"त्रेसष्ट तास खेळलेला," प्राजक्ता म्हणाली, "पावणेचारपर्यंत होता एक."