आटे

अंबरनाथच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाल्यापासून बबनरावांना चैन पडत नव्हती. ते घरातले चांगले नळही खोलून पुन्हा बसवायचे. एका संध्याकाळी मुलगी यशोधरा ती काम करायची त्या मैदानावरची, रंगाच्या गोळ्या मारायच्या पेंटबॉल खेळाची बंदूक घेऊन आली. गोळ्यांचा डबा बसवायची नळी तडकून आट्यांत अडकली होती.

"सकाळी खेळायला ग्रुप येणारेय, पप्पा. नवी नळी तिरकी बसली तर बंदूकच बाद."

बबनरावांनी गरम फडकं गुंडाळून जुनी नळी सोडवली. नवी ठेवून आधी उलटी फिरवली, 'टक' झाल्यावर सुलटी आवळली.

"उलटी कशाला?"

"आटे जुळले की हाताला कळतं."

बंदूक परत देताना त्यांनी चाचरत विचारलं, "उद्या किती वाजता निघतेस? मी येऊ?"