लेकीचा आवाज

सौरऊर्जेसाठी परदेशी मदत हवी असेल, तर कोळशावरचं एक वीजकेंद्र यंदाच बंद करायचं, अशी अट होती. नदीच्या उत्तर काठावरचं आपलं की दक्षिणेचं, हे आज परिषदेत जाहीर होणार होतं. उत्तरेच्या कंट्रोल रूममध्ये बारा जण जुने ऑपरेटर अण्णा यांच्या मोबाइलभोवती उभे होते. भाषण परक्या भाषेत होतं. ऐकता ऐकता ते आपल्या भाषेत सांगणारी दुभाषी अण्णांची लेक होती.

“अण्णा, पोरगी खणखणीत बोलते हो,” फिटर म्हणाला.

“बॉयलरचा सायरन वाजत असला तरी फोनवर आकडे सांगताना आवाज कापू द्यायचा नाही. माझ्याकडून हेच ऐकत वाढलीये ती.”

तेवढ्यात मोबाइलमधून तोच स्वच्छ, संथ आवाज आला : “उत्तर काठावरचं केंद्र मार्चअखेर बंद होईल. निर्णय अंतिम आहे.”

कुणी अण्णांकडे बघितलं नाही. फिटर मोबाइलकडेच बघत म्हणाला, “अण्णा, आवाज नाही हो कापला तिचा.”



“नाही ना?” अण्णांनी विचारलं, आणि त्यांचा मात्र कापला.