हात भरला

"हात सुजला तर लगेच हाक मार. उगी उगी बोलवू नको," एवढं भावसिंगला बजावून नर्स द्वारकाबाई पटकीच्या शेडमधून बाहेर पडली, तीही पदर नाकाला लावूनच.

निजामाच्या अमलातला उन्हाळा. हिंगोलीच्या आसपास पटकीनं गावंच्या गावं आडवी केली होती. भावसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बायकोला गाडीत घालून आला होता. जुलाब-उलट्यांनी पारुबाईचं अंग पार वाळलं होतं. लग्नापासून दंडावरून न हललेला चुडा सैल होऊन कोपराशी घसरला होता.

"पानी नस में गया तो बचेगी, नहीं तो नहीं," डॉक्टरसाहेब म्हणाले होते. द्वारकाबाईनं चुडा वर सारला, कोपराच्या खळगीत सुई खुपसली आणि मिठाच्या पाण्याची बाटली टांगली. सुई जागेवर आहे ना, हे तिनं मधूनमधून हात लावून बघायचं होतं. पण पटकीच्या रोग्याला सारखं सारखं शिवतंय कोण!

पारुबाई तळमळली आणि सुई शिरेतून निसटली. पाणी कातडीखाली साचायला लागलं. भावसिंगला हे काय ठाऊक? काडी झालेला हात गुबगुबीत होतोय, एवढंच त्याला दिसलं.

"दुखून राहिलं," पारुबाई कण्हली.

"दुखू दे. अंग धरून राहिली तू," तो खुशीत म्हणाला.

द्वारकाबाई दारात आली. दारातच उभी राहिली.

"हात सुजला का रे?"

"न्हाई बाई. भरून राहिला."

"भरणारच. त्याच्यासाठीच तर लावलंय."

"दुखतंय म्हनते."

"दुखतंय म्हणजे जित्ती हाय. गप बस."

ओसरीवर साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं बिनदिक्कत सांगितलं, "बराबर चालू आहे, साहेब. काही तकलीफ नाही." आता बोला! बघितलं नाही, शिवली नाही, आणि म्हणे बराबर.

भावसिंग चुड्याखाली बोट घालून बघत होता. आधी बोट सहज जायचं, मग अडायला लागलं, मग जाईचना. चुडा पहिल्यासारखा घट्ट बसला. पारुबाईचं कण्हणंही थांबलं होतं. झोप लागली म्हणून त्यानं आपली धाबळी तिच्या अंगावर घातली. बरं वाटलं बिचाऱ्याला.

बाटली संपली तेव्हा कुठं द्वारकाबाई आत आली. पखालीसारखा तट्ट झालेला हात तिनं दाबला. बोटाचा खड्डा पडला तो तसाच राहिला. तिनं पारुबाईच्या नाकाशी हात धरला. श्वास लागेना.

"सुजला तर सांग म्हणलं होतं ना तुला! डोळे फुटले होते काय?" ती ओरडली. मग दाराकडं तोंड करून, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या नवऱ्यानं सांगितलंच नाही हो!"

बाई काहून चिडली, भावसिंगला कळेना. सुजणं म्हणजे बिमारी. हे तर भरणं होतं. आणखी एक बाटली लागणार म्हणून चिडली असेल. त्यानं पारुबाईचा दुसरा हात हळूच धाबळीतून ओढून काढला. हात खाटेखाली लोंबला तसा त्याच्यातला चुडा घसरत मनगटाशी येऊन थडकला.

"ह्यो हात भरला, बाई," तो अजिजीनं म्हणाला. "आता ह्याच्यात लावा."