लेकीच्या वाट्याचं रडणं

यवतमाळहून आणलेला मानीबाईचा देह गाडीतून अंगणात उतरवला आणि तिच्या अंगावरचं फिकट पातळ पाहून बंजारा तांड्यातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"हिचा घागरा कुठं आहे?" हंसाबाईनं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, विचारलं. हंसाबाई म्हणजे मानीबाईची धाकटी जाऊ, तिच्या लेकीची, उज्ज्वलाची, काकी.

 आईचा आरशांचा घागरा उज्ज्वलानं कॉलेजातल्या मुलींना स्नेहसंमेलनात नाचायला दिला होता. खूप टाळ्या पडल्या होत्या. तो परत मागायचा राहून गेला, आणि आईनंही कधी विचारलं नाही.

हंसाबाई घरात गेली आणि आपला ठेवणीतला घागरा घेऊन आली. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. आडोसा निघाला तेव्हा उज्ज्वलाला आपली आई कित्येक वर्षांनी दिसली.

मग रडणं सुरू झालं. तांड्यातल्या बायका नुसत्या रडत नाहीत, गळ्यात गळा घालून, सुरात, गेलेल्या माणसाशी बोलत रडतात. एकीचं संपलं की दुसरीनं धरायचं. हंसाबाईनं उज्ज्वलाला जवळ ओढलं, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सूर लावला. आपण दोघी एकाच साली या तांड्यात नांदायला आलो, ती मानीबाईला सांगत होती. एका चुलीवर रांधलं. तू दारव्ह्याच्या बाजाराला गेलीस तरी मला सांगून जायचीस, आज न सांगता कशी निघालीस? ही बघ, तुझी लेक आलीय. तिचं ऐकून जा.

काकी थांबली. आता उज्ज्वलानं धरायचं होतं.

तिला गोरबोलीतला शब्दन् शब्द कळला होता. लहानपणी आजी गेली तेव्हा तिनं आईच्या मांडीवर बसून हेच रडणं ऐकलं होतं. ती यवतमाळच्या कॉलेजात मराठी शिकवत होती. कुणाच्याही शोकसभेत उभी राहिली, तर समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आणायची. तिनं तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली.

बायकांनी माना खाली घातल्या. आईला असं मराठीत आई म्हणणारं तांड्यात कुणी नव्हतं. उज्ज्वलाही शाळेत असेपर्यंत मानीबाईला गोरबोलीत याडीच म्हणायची. यवतमाळला फ्लॅटवर आणल्यावर तिनं आईला समजावलं होतं, शेजाऱ्यांसमोर आपली बोली नको. मानीबाईनं वाद घातला नाही. हळूहळू ती बोलेनाशीच झाली. हंसाबाईचा फोन आला की तेवढी न्हाणीघरात जायची, दार लावून घ्यायची. आतून तिच्या हसण्याचा आवाज यायचा. बाहेर आली की पुन्हा गप्प.

"बोल, बेटा," काकी कानाशी कुजबुजली. "ती थांबलीय तुझ्यासाठी."

उज्ज्वलानं पुन्हा प्रयत्न केला. याडी हा शब्द ओठांपर्यंत आला. त्याच्यापुढचं काहीच येईना. जे सांगायचं होतं ते सगळं मराठीत येत होतं, नीटनेटकं, वर्गात सांगावं तसं. त्यातलं एक वाक्यही आईशी बोलण्याजोगं नव्हतं.

"मला येत नाही, काकी," ती मराठीतच म्हणाली.

तिचा भाऊ बादल अंगणाच्या कडेला उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.

हंसाबाईनं पदरानं नाक पुसलं. उज्ज्वलाचा हात तिनं सोडला नाही. तिनं पुन्हा सूर लावला, या वेळी वरचा, कोवळा, लेकीच्या वतीनं. याडी, मी तुझी उज्ज्वला. मला कडेवर घेऊन तू नाला ओलांडायचीस, माझं दप्तर डोक्यावर धरायचीस. मी शिकले याडी, आणि तुझ्यापासून लांब गेले. तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

हे तिला कुणी सांगितलं होतं, उज्ज्वलाला कळेना. काकीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती ऐकत राहिली. आता तिला रडू येत होतं, पण नुसतंच, शब्दांवाचून.

काकी मधेच थांबली. उज्ज्वलाच्या तोंडाकडे तिनं निरखून पाहिलं.

"आखीन काय सांगू वं तुह्या मायले?" तिनं विचारलं.

पुतणीशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलली.