समुद्रातली सून

जहाजावर कामाला गेलेला भीमराज शेवटच्या फोनवर म्हणाला होता, "आई, पाण्यात बाई दिसली. माझ्याकडंच पाहून राहिली होती." त्याच आठवड्यात तो समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. त्याच्या आईनं, पद्माबाईनं मात्र त्या बाईशी त्याचा पाण्यातच संसार थाटून दिला. हट्टा गावातल्या बाया मुद्दाम विचारत, "सून कशी हाय वं?" तीही ठसक्यात सांगे, "कामाला वाघ, पण लई मिजासी."

शिकलेल्या भाच्यानं, प्रज्ञेशनं, एकदा मोबाइलवर फोटोच दाखवला. "मावशी, ती बाई न्हाई, समुद्रगाय हाय. गवत खाते. पिल्लाला छातीपाशी पाजते, म्हणून लांबून बाईवाणी दिसते."

पद्माबाईनं फोटो बराच वेळ पाहिला.

"म्हंजे पाच वर्षं झाली, माझं पोरगं तिथं एकटंच हाय?"