खाकी टोपीचे माप

"हे तं लहान लेकराचं माप आहे, साहेब," कागदाची पट्टी बोटांत धरून दुकानदार प्रफुल्ल म्हणाला.

मधुकररावांनी मान डोलावली. पस्तीस वर्षे आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकवलेल्या या गृहस्थाने पट्टी घरीच काटेकोर कापून आणली होती. त्यांना जंगल सफारीची टोपी हवी होती: खाकी, रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली. प्रफुल्लने तीन काढल्या. एकीचा काठ फार मऊ होता, दुसरीवर वाघाचे चित्र होते. तिसरीची शिवण मधुकररावांनी उलटी करून तपासली.

"आत थोडी उंची हवी. वर शेंडी आहे."

"उंची आहे जी. ढिली होईल, पण पोरं वाढतेत. पुढच्या साली बरोबर बसन."

"बुधवारी बसायला हवी."

मामाच्या गावाले चालला काय, असे प्रफुल्लने हसून विचारले. लांब जायचे आहे, एवढेच मधुकरराव म्हणाले. आधीची टोपी वैनगंगेत गेली, हेही त्यांनी सांगितले.

"मंग यंदा दोरी बांधूनच ठेवजा," प्रफुल्ल म्हणाला. "ही नाही जात."

घरी त्यांच्या पत्नी शेवंताबाई ओसरीवर बसून होत्या. कुंदनला पाठवायला त्यांनी वर्षभर नकार दिला होता. सिहोऱ्याचे धाकटे दीर श्यामराव तीनदा येऊन समजावून गेले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "वहिनी, अडवून त्याचेच हाल करून राहिले तुम्ही. जाऊ द्या आता त्याले."

त्यावर त्या तयार झाल्या, पण कुंदन उघड्या डोक्याने जाणार नाही, ही अट घालून. टोपी नीट बसली नाही, तर त्या पुन्हा अडवतील, हे मधुकररावांना ठाऊक होते. पुन्हा समजूत घालण्याचे बळ आता त्यांच्यापाशी उरले नव्हते.

त्यांनी भाताची पेज गाळून तीत टोपी भिजवली. कागदाच्या पट्टीशी जुळणारा पितळी लोटा शोधला, पालथा ठेवला आणि टोपी त्यावर ओढून बसवली. टोपीच्या आतल्या कापडी पट्टीला तीन चुण्या घेतल्या. डावी कड वर वळवून कपड्यांचे चिमटे लावले. कुंदनची पद्धत तीच. संध्याकाळपर्यंत टोपी कडक झाली.

शेवंताबाईंनी ती हातात फिरवून पाहिली.

"उजवी कड खाली येऊन राहिली."

"अर्धा सेंटिमीटर. काढतो."

"पण डोळ्यांवर सावली पाहिजे त्याच्या. ऊन सोसत नाही त्याले."

मधुकररावांनी शिवण उसवली आणि पुन्हा घातली.

बुधवारी सकाळी कारध्याला वैनगंगेच्या काठावर ऊन लवकर चढले. श्यामरावांनी सारी तयारी करून ठेवली होती. माणसे बाजूला सरली आणि शेवंताबाई टोपी घेऊन पुढे झाल्या. डावी कड वर आहे ना, हे त्यांनी एकदा बोटाने चाचपले. मग त्या वाकल्या.

समोर देहाऐवजी अग्नी द्यायला पळसाच्या पानांचा पुरुषभर लांबीचा पुतळा निजवलेला होता. वर्षापूर्वी पुरात वाहून गेलेल्या आणि कधीच न सापडलेल्या सव्वीस वर्षांच्या त्यांच्या लेकाचे, जंगल-गाईड कुंदनचे डोके म्हणून भटजींनी ठेवलेल्या नारळावर टोपी बरोबर बसली.